अस्थिपाल मरणार कुठे?

“आजा, याला अजून काळा कसा करू?”

निधीने टॅबलेट धाकूआजाच्या मांडीवर ठेवला. आजा जन्मभर चामड्याच्या बाहुल्या करत आणि पडद्यामागून त्यांच्या सावल्या नाचवत आलेला. त्याच्या ओसरीवर खुंट्यांना राक्षसच राक्षस लटकत होते.

काचेवर निधीचा अस्थिपाल उभा होता. हाडांचा मुकुट, नखशिखांत चिलखत, डोळ्यांच्या जागी धूर.

“कोण गो ह्यो?”

“आमच्या खेळातला खलनायक. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट खेळायची. चौघी याच्याशी लढतात, मी गोष्ट चालवते. चित्रंही माझीच.”

“बरो काढलंस.”

“माहितीये.” निधी जराही लाजली नाही. “चिलखताच्या एकेका कडीला एकेक संध्याकाळ लागलीय. पण तिघी खेळ सोडून गेल्या. चौथी म्हणते, या रविवारी येईन, ते शेवटचं. याला बघून घाम फुटायला हवा, तर या जांभया देतात!”

आजाने चित्र जवळ घेतलं, लांब धरलं.

“ह्यो मरतलो खय?”

“मरतच नाही! तलवार लागत नाही, विष चढत नाही, आगीत टाकला तर...”

“तर?”

“...हसतो.”

आजा उठला. खुंटीवरचा सगळ्यात थोरला राक्षस काढून त्याने तिच्या हातात दिला.

“नाचव.”

निधीने बाहुलीची काठी हलवली मात्र, राक्षसाचं मुंडकं टपकन तिच्या पायाशी पडलं.

ती पांढरीफटक झाली. “आजा, मी... मी काहीच नाही केलं!”

आजा खदखदून हसला. मुंडकं उचलून त्याने मानेच्या खाचेत बसवलं. टक्.

“माझ्या बापाशीन केल्यान ह्यो. पयली ही खाच कापल्यान. मगे तोंड. मगे दात.”

“आधी खाच? ती का?”

आजा पुन्हा खाली बसला. तिची पेन्सिल त्याने तिच्यापुढे धरली.

“छे! याला मरायला चिलखतात फट ठेवली तर सगळा बिघडेल तो.”

आजा पेन्सिल धरून तसाच बसला...

निधीने ती घेतली. ओठ चावत डाव्या काखेखालच्या चार कड्या पुसल्या. चार संध्याकाळींची मेहनत गेली. आतून साधी कातडी दिसली, माणसाची.

ती फट तिला तशीच सोडवेना. मग तिने अस्थिपालाचा मोकळा हात हळूच वळवला आणि फटीवर ठेवला. कुणाला दिसू नये म्हणून दाबून धरावा, तसा.

टॅबलेट पुन्हा मांडीवर आला. आजा त्या हाताकडे बघत राहिला. त्याचं हसू कधीच गेलं होतं. नकळत त्याचा स्वतःचा हात बरगडीवर आला होता.

“आयतवारी कितक्या वाजता बसतास?”

“चारला.”

“...माकाय खेळाक घे.”