अस्वलाने न ऐकलेली थाप

एका डोंगराळ जंगलात एक अस्वल राहत असे. मुलांनो, अस्वल म्हटले की तुम्हाला मध आठवेल, पण या अस्वलाला मधापेक्षा कुस्तीचे वेड जास्त होते. वडाखाली प्राण्यांची तालीम होती. तिथे तांबड्या मातीचा ऐसपैस हौदा होता आणि देखरेखीला एक म्हातारी घोरपड होती. तरुणपणी तिने एकदा पकड घेतली की ती सुटत नसे, म्हणून सगळे तिला वस्ताद मानत. तालमीला तिने एकच नियम घालून दिला होता : सराव करताना जोडीदाराने अंगावर थाप दिली की पकड लगेच सोडायची, मग डाव कितीही रंगात आलेला असो.

अस्वलाला नियम पाठ होता. फक्त थाप ऐकू यायला त्याला जरा वेळ लागत असे. सरावालाही ते असे उतरे की समोर जन्माचा वैरीच उभा असावा. त्यात सांबराचा पाय मुरगळला, रानडुकराची बरगडी दुखावली, आणि अस्वल मात्र शड्डू ठोकत हौद्याभोवती फिरत राहिले. घोरपडीने त्याला बाजूला घेऊन सांगितले, "अरे, जोडीदाराला पेलवेल त्याहून थोडाच जास्त जोर लावावा. फार सैल सोडलंस तर तो शिकणार नाही, फार आवळलंस तर तू शिकणार नाहीस." अस्वलाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले. मग हळूहळू एकेकाला सकाळी भलतीच कामे निघू लागली. अस्वलाशी खेळायला शेवटी एक वानर तेवढा उरला.

उन्हाळ्याच्या तोंडावर नदीच्या वाळवंटात कुस्तीचे मैदान भरे. अलीकडच्या जंगलाचा एक मल्ल आणि पलीकडच्या जंगलाचा एक. जो जिंकेल त्याच्या जंगलाने त्या वर्षी काठावरच्या मोहाची फुले वेचायची. यंदा अस्वलच उतरणार, हे ठरलेले होते. त्या फुलांच्या नुसत्या आठवणीने त्याच्या तोंडाला पाणी सुटे, आणि आपण हरलो तर सगळ्या जंगलाला ती मिळणार नाहीत, ही धास्तीही त्याला वाटे.

मैदान जवळ आले असताना वानराने सरावात एक नवा डाव टाकला. अस्वल झेपावले तसा तो त्याच्या काखेखालून सुटून पाठीमागे गेला. अस्वलाचा तोल गेला. आता सगळ्यांसमोर पाठीला माती लागणार, या विचाराने ते पिसाळले. त्याने मागे हात घालून वानराचा हात पकडला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पिरगळला. अंगावर थाप पडली. पुन्हा पडली. वानर किंचाळला तेव्हा कुठे अस्वलाने पकड सोडली. हात छातीशी धरून वानर जो हौद्याबाहेर पडला तो पुन्हा फिरकला नाही.

"मीच जिंकलो ना?" अस्वलाने घोरपडीला विचारले.

"जिंकलास," ती म्हणाली, "पण उद्या कुणाशी खेळशील?"

अस्वल ऐनाच्या झाडाशी खेळू लागले. खोडाला मिठी मारायचे, गदागदा हलवायचे आणि साल निघाली की खूश व्हायचे. झाड तक्रार करत नव्हते, थाप देत नव्हते. पण ते पाठीमागेही जात नव्हते.

मैदानाच्या दिवशी पलीकडून बिबट्या उतरला. अंगाने तो अस्वलाच्या निम्माही नव्हता, त्यामुळे अलीकडचे प्राणी आधीच मोहाच्या वाटण्या करू लागले. सलामी झाली आणि अस्वल झेपावले. बिबट्या काखेखालून सुटून मागे गेला. हा तर वानराचाच डाव! तो कसा तोडायचा, हे अस्वल त्या दिवशी सरावात शिकले असते, पण तेव्हा त्याने जोडीदाराचा हातच पिरगळला होता. आता बिबट्याने त्याला पालथे पाडून त्याचा हात मागे ओढला. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. नकळत अस्वलाचा मोकळा हात हलला आणि बिबट्याच्या पायावर थाप पडली. मैदानात थाप म्हणजे हार.

बिबट्याने त्याच क्षणी पकड सोडली. "लागलं का रे फार?" त्याने हळूच विचारले. हरल्यापेक्षा या प्रश्नाचीच अस्वलाला जास्त लाज वाटली.

त्या वर्षी मोहाची फुले नदीपलीकडे गेली. अस्वल वानराच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. वानराचा हात एव्हाना बरा झाला होता. "माझं चुकलं," अस्वल म्हणाले. "तुझा तो डाव माझ्यावर पुन्हा टाक. मला शिकायचाय." वानर फांदीवरून खाली उतरला.

हौद्यात अस्वलाने भीतीपोटी त्याला इतके सैल धरले की वानर वैतागला. "असं धरलंस तर मी काय शिकणार? जरा आवळ." अस्वलाने जरा आवळले. "अजून थोडं." अस्वलाने अजून थोडे आवळले. तेवढ्यात वानराने मुद्दामच, अगदी हलकी थाप दिली. अस्वलाने तत्काळ हात सोडला.

"आता खेळू," वानर म्हणाला, आणि बघता बघता काखेखालून मागे गेला. सगळ्या तालमीसमोर अस्वलाच्या पाठीला माती लागली. ते उठले, अंग झटकले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा."

तात्पर्य : सरावातला जोडीदार हरवायचा नसतो, त्याच्याकडून शिकायचे असते, म्हणून त्याला पेलवेल त्याहून थोडाच जास्त, पण दुसऱ्या दिवशी तो आनंदाने परत येईल, इतकाच जोर लावावा.