घारवीराचा चौथा पंख

"नव्या मालिकेत जुन्याचा एक धागासुद्धा दिसता कामा नये!" दाजीसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "आणि जुन्या घारवीराच्या एकाही चाहत्यानं 'हा आमचा नव्हे' म्हणता कामा नये! शुक्रवारी सकाळी पंख माझ्यासमोर पाहिजे!"

दाजीसाहेब हे वाहिनीचे मालक. जुन्या काळी जन्मले असते तर राजे झाले असते. आताही दरबार होताच, हुजरेही होते. घारवीर म्हणजे घारीसारखा झेप घेऊन गोरगरिबांना वाचवणारा महानायक. त्याच्या पाठीवरच्या झग्याला सगळे 'पंख' म्हणत. दाजीसाहेबांच्या वडिलांनी साठेक वर्षांपूर्वी त्याच्यावर पहिला सिनेमा काढला, कृष्णधवल. पुढे त्याची रंगीत मालिका झाली, मग मोठा रंगीत सिनेमा झाला, आणि आता पुन्हा मालिका! दर खेपेला तीच पडकी गिरणी, तोच दुष्ट मामा, आणि जाहिरात मात्र 'पूर्वी कधीच न पाहिलेलं!' लाज कशी वाटत नाही, कोण जाणे.

"साहेब, हे अशक्य नाही," मिहिर चिटगोपेकर म्हणाले. हे विश्वसल्लागार. असला हुद्दा असतो आणि त्याला पगारही मिळतो! "पहिला सिनेमा हे विश्व एक. मालिका विश्व दोन. दुसरा सिनेमा विश्व तीन. आपण विश्व चारमध्ये आहोत, पण आपला एक झरोका विश्व दोनमध्ये उघडतो. तिथून मामा इकडे येतो, म्हणजे तो मेलेलाही आहे आणि जिवंतही."

चौदा मोठे तक्ते त्यांनी भिंतीला लावले होते. नुसते बाणच बाण!

"मामा गेला खड्ड्यात! पंखाचा रंग कोणता?" दाजीसाहेब ओरडले.

चिटगोपेकर तक्त्यांकडे वळले. पंख पांढराशुभ्र, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. पांढरा ठेवावा तर जुनाच, बदलावा तर चाहते अंगावर धावून येणार. थोडा विचार करून ते म्हणाले, "कापडाचा पंख हवाच कशाला? संगणकावर काढू. शिवणखातं बंद करून टाका."

"ठीक! शुक्रवारी पंख जमला नाही, तर शिवणखात्याला कुलूप!"

दाराशी माप घ्यायची टेप गळ्यात घालून सुलभा हातिसकर उभी होती. पन्नाशीची, शिवणखात्याची प्रमुख. खाली सात बायका मशीन चालवत होत्या, आणि त्यांच्या चुली त्या मशीनवर चालत होत्या. घाबरण्यापेक्षा तिला राग जास्त आला.

"मी आणते पंख, साहेब," ती म्हणाली. "फक्त शुक्रवारी चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष हजर पाहिजेत. आणि एक कॅमेरा, एक टीव्ही."

शुक्रवारी अध्यक्ष उपळेकर पहिल्या खुर्चीत येऊन बसले. बहात्तर वर्षांचे गृहस्थ. पहिला सिनेमा त्यांनी तेवीस वेळा पाहिला होता, आणि हे ते भेटेल त्याला सांगत. सुलभाने लाकडी पुतळा पुढे ढकलला आणि वरची चादर ओढली.

पंख गुलाबी होता! फिकट, फालुद्यासारखा गुलाबी!

"अरेच्चा!" दाजीसाहेब खुर्चीतून उठलेच. "वडिलांचा सिनेमा मी लहानपणी अकरा वेळा पाहिलाय. ह्यात जुन्याचा एक धागा नाही! एकदम नवा!"

"कोणत्याच विश्वात बसत नाही," चिटगोपेकर नाक मुरडून म्हणाले.

उपळेकरांनी तर खुर्चीचा हात बडवला. "हा आमचा घारवीर नव्हे! ही विटंबना आहे! आम्ही मोर्चा काढू!"

"काढा हो, पण आधी तिकडे बघा," सुलभा म्हणाली. तिने कॅमेरा पंखावर रोखायला लावला आणि रिमोट उचलून टीव्हीतला रंग पूर्ण घालवला.

पडद्यावर पंख पांढराशुभ्र झाला.

उपळेकर उठून उभे राहिले. डोळे भरून आले त्यांचे. "हाच! हाच तो! ती खांद्यावरची चुणी... अहो, हाच!"

"असणारच," सुलभा म्हणाली. "मी नवा शिवलेलाच नाही. खालच्या पेटीतला, पहिल्या सिनेमातला आहे. माझ्या वडिलांनी शिवलेला. आत अस्तरावर जुन्या स्टुडिओचा शिक्का आहे, वाचून घ्या."

दाजीसाहेबांनी अस्तर उलटलं. शिक्का होता! "पण... गुलाबी?"

"तेव्हा पांढरं कापड दिव्यांखाली भगभगायचं, साहेब. म्हणून फिकट गुलाबीत बुडवायचे, मग पडद्यावर छान पांढरं दिसायचं. पोस्टर रंगवणाऱ्यानं सिनेमा पाहून पांढरा रंगवला. मालिकावाल्यांनी पोस्टर पाहून शिवला. दुसऱ्या सिनेमावाल्यांनी मालिका पाहून. चिटगोपेकरसाहेबांनी तिघांचे मिळून चौदा तक्ते केले. पेटी मात्र कुणी उघडली नाही! आता तुम्हीच म्हणालात, जुन्याचा एक धागा नाही. आणि अध्यक्ष म्हणाले, हाच तो. झाले ना तुमचे दोन्ही हुकूम?"

मग दाजीसाहेबांच्या पोटातून हसू उसळलं. "अकरा वेळा पाहिला मी! आणि हे तेवीस वेळा!" ते उपळेकरांच्या पाठीवर थाप मारून हसत राहिले. "बाई, शिवणखातं कायम! आणि मालिकेत पहिली पाटी तुमच्या वडिलांच्या नावाची! आणखी काय हवं, मागा!"

सुलभाने भिंतीकडे पाहिलं. "ते तक्ते द्या, साहेब. ब्लाउज बेतायला असा जाड कागद हल्ली मिळत नाही."

दाजीसाहेब पुन्हा खो खो हसत सुटले, आणि चौदाच्या चौदा तक्ते त्यांनी चिटगोपेकरांच्याच डोक्यावर देऊन खाली शिवणखात्यात पोचवायला लावले.