चव बघणारी ठमाबाय

घाटावर जायला सडक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खारकोंडात तेव्हाही मीठच पिकायचं. उन्हाळा सरता सरता लमाणांचे बैल घाटावरून भात घेऊन यायचे आणि मापाला माप मीठ घेऊन जायचे. त्या भातावर गाव पावसाळा काढायचं.

गावात ठमाबाय होती. नवरा पोशा गेला आणि त्याचं मिठागर ती एकटी बघू लागली. त्याची एक सवय मात्र तिनं सोडली नाही. कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, मीठ धरलं की वर बोटभर पाणी उरतं. ते जिभेला लावायचं, कडू लागलं की बांध फोडून खाडीला देऊन टाकायचं.

शेजारचा कमळू हसायचा. "वहिनी, मीठ खाडीत सोडतेस? दोन दिवस आटू दे, टोपलीभर जास्त मिळंल."

"ते दर्याचं आहे, भावजी," ती म्हणायची. "आपलं खाली बसलंय."

एका वर्षी गावानं कमळूचं ऐकलं. शेवटच्या थेंबापर्यंत पाणी आटवलं. ढीग चांगले उंच झाले. लमाणांचा भोजा नाईक तीनशे बैल घेऊन आला, चिमूटभर मीठ तोंडात टाकलं आणि थुंकला.

"कडू आहे. वर पाणी सुटून पाझरतंय. घाट चढेपर्यंत बैलांच्या पाठी सोलवटतील. या बाईचा ढीग तेवढा घेतो, बाकी भात दुसऱ्या बंदराला नेतो."

तिचा ढीग दहा बैलांपुरता. तिचं एकटीचं भागलं असतं. पण ठमाबाय म्हणाली, "तीन दिवस थांब, नाईक. सगळं मीठ धुऊन देते."

"अगो, मीठ कोण धुतं?" कमळूची बायको ओरडली. "विरघळून जाईल की!"

"गोड्या पाण्यात विरघळतं. मीठ धरायच्या बेतात आलेल्या पाण्यात नाही. त्यात कडू तेवढं निघून जातं."

पण ते पाणी कच्चं असलं तर मीठ खाणार, जून झालं असलं तर पुन्हा कडूच करणार. ते ओळखणारी जीभ एकच होती. तीन दिवस ती कोंडीकोंडीत नव्यानं घेतलेलं पाणी चाखत फिरली आणि मागून गाव टोपल्या बुडवत गेलं. भरतीनं तीन दिवस बांधाला हात लावला नाही, असं म्हणतात. ढिगातला एक खडाही विरघळला नाही, असंही म्हणतात.

तिसऱ्या संध्याकाळी नाईकानं विचारलं, "कसं झालंय?"

तिनं खडा तोंडात धरला. वाळू धरावी तसा. "तूच सांग," ती म्हणाली.

नाईकानं चाखलं आणि बैलांवरचं भात उतरवायला सांगितलं.

तीन दिवसांच्या खाऱ्या पाण्यानं ठमाबायच्या जिभेची चव गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी कमळू तिच्या उंबऱ्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "वहिनी, कालवण दे. मीठ बघतो."

"बघ. आणि बघितलंस तर जेवूनच जा."

मग रोज एका घरातून कुणीतरी येऊ लागलं. पोशा गेल्यापासून ती एकटी जेवायची. त्यानंतर एकदाही एकटी जेवली नाही, असं म्हणतात.

अजूनही खारकोंडात कोंडीचं शेवटचं पाणी खाडीला देतात. आणि कुठलीही बाई आपल्या कालवणाची चव आपण घेत नाही. पळी घेऊन शेजारच्या दारात जाते. "ठमाबायचं मीठ बघ गो," म्हणते. बघणारीला मग जेवल्याशिवाय सोडत नाहीत.