तहानलेला जावई

पूर्वी वेत्रनगरात राजा महिंसक राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला. त्याचे नाव सोणक. एका साथीत त्याची बायको गेली, पाठोपाठ तिचे दोन्ही भाऊ गेले. उरली सासू, भद्रा.

"जावईबापू, मी माहेरच्या गावी जाते," ती म्हणाली. "तुम्ही तरुण आहात. दुसरा संसार मांडा."

"मामी, वाट लांब आहे. चला." सोणकाने तिचे बोचके उचलले.

भर उन्हात ती दोघे त्या गावच्या विहिरीवर पोचली. तिथे एक रीत होती. ज्याच्या घरात मृत्यू झाला असेल त्याने आधी 'देवाने केले ते बरे केले' असे म्हणायचे, मग पाणी. विहिरीवर बसणाऱ्या गावच्या म्हाताऱ्यांना ही रीत फार आवडे. दुःखी माणूस एकदा हे म्हणाला की त्याचे पुढे काही ऐकावे लागत नसे.

साथीची बातमी आधीच पोचली होती. "भद्रे, म्हण," गावप्रमुख ग्रामणी म्हणाला.

"बरं केलं? माझी तिन्ही लेकरं नेली. समोर आला तर विचारीन, हात कसा धजला तुझा?"

"मग रहा तहानलेली. जावईबापू, तुम्ही प्या. पाहुण्याला ही रीत नाही. जावई तहानलेला गेला तर आमच्या पोरी कोण करील?"

"सासूमागे चालणारा जावई!" दुसरा म्हातारा हसला. "आंदणात बोचकंच मिळालं वाटतं!"

सोणकाने ओंजळ भरून भद्रेपुढे धरली. ग्रामणीने काठीने ती उधळली. भद्रा काठाला टेकून खाली घसरली. सोणक तिच्याजवळ वाकला.

"मामी, नुसतं तोंडानं म्हणा ना," तो कुजबुजला.

तिने त्याच्याकडे पाहिले. तो खजील झाला आणि तिच्याशेजारी बसला.

"मामी प्यायल्या की मी पिईन. मेलो तर वाटसरूंना सांगा, या गावानं जावई मारला," तो म्हाताऱ्यांना म्हणाला.

आता म्हातारे घाबरले, पण अब्रूसाठी. ते रीतीवर रीत काढून भांडत राहिले. सावली सरकली. सोणक पुन्हापुन्हा भद्रेच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघत होता. एकदा तो लागलाच नाही. मग लागला.

तेवढ्यात ग्रामणीची बायको पोहरा घेऊन आली.

"अगं, ती म्हणाली नाही अजून!"

"मी म्हणाले होते. आपलं पोर गेलं त्या दिवशी. तहान लागली म्हणून म्हणाले, खोटं म्हणाले. सरका."

तिने पोहरा भद्रेच्या ओठांना लावला. घोट घोट पिऊन भद्रा म्हणाली, "देवाशी माझं भांडण आहे ते आहेच. पाणी चांगलं आहे. जावईबापू, प्या आता."

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, विहाराच्या दाराकडे पाहिले. तिथे मूल गेलेली एक बाई देवाला शिव्या देत रडत होती आणि वडीलधारे भिक्षू तिला गप्प करत होते. एका भिक्षुणीने मात्र तिला जवळ घेतले होते.

"तेव्हाचे म्हातारे तुम्हीच होता," शास्ता त्या भिक्षूंना म्हणाले. "भद्रा ही बाई. तिला जवळ घेऊन बसलेली ती भिक्षुणी ग्रामणीची बायको होती. सोणक मी होतो. दुःखी माणसाजवळ असे बसणे, याला मैत्री म्हणतात. आता तिला बोलू द्या."