तिसरी तार बद्द का वाजते

"…मग दोष कशात आहे वस्ताद? अँपमध्ये, वायरमध्ये, का हेडफोनमध्ये?"

दस्तगीर वस्तादांनी वर बघितलंच नाही. मिरजेत तंबोरे करून करून त्यांची मान कायमची खालीच राहिलीय. ते भोपळ्याला लाख लावत होते.

"आधी बस की," ते म्हणाले.

सौमित्र बसला. म्हणजे आधी रुमाल अंथरला, मग बसला. पुण्याहून गाडी घेऊन आला होता. मांडीवर बॅग, बॅगेत स्पंज, आणि स्पंजात एकेक डबा असा निजवलेला की जणू बारशाचं बाळ.

त्यानं सगळं मांडलं.

"हा डॅक. फाईलमधले आकडे याच्यात आवाज होतात. हा अँप, आवाजाला जोर देतो. ही वायर चांदीची. आणि हा हेडफोन."

"चांदीची?"

"हो."

"बायकोला काय केलंस मग?"

"लग्न नाही झालं अजून."

"हां… म्हणून."

सौमित्र हसला नाही. तो या बाबतीत हसत नाही.

"वस्ताद, चेष्टा नाही. दीड वर्ष झालं जुळवतोय. या अँपला तो हेडफोन जड पडतो, त्या हेडफोनला हा डॅक कोरडा वाटतो. चार अँप बदलले. आता सगळं जुळलंय. कागदावर बघाल तर छत्तीसच्या छत्तीस गुण."

"मग?"

"संसार होत नाही."

वस्तादांनी लाखेचा हात पुसला.

"काय ऐकतोस यात?"

"आईला."

कुमुदबाई. कराडला मुलींच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलं. त्यांचा तंबोरा वस्तादांनीच केलेला, बाईंची नोकरी नवी होती तेव्हा. तीन वर्षांपूर्वी माघात बाई गेल्या. रेकॉर्डिंग एकच आहे, त्याच्या आधीच्या गणपतीनंतरचं.

"तिचा आवाज बरोबर येतो," सौमित्र म्हणाला. "पण तंबोऱ्याची तिसरी तार येत नाही. पहिली गुंजते, दुसरी गुंजते, चौथी तर भरून येते. तिसरी बद्द. आणि बारीक. जसं काही मागच्या खोलीत वाजतीय. आईच्या तंबोऱ्याचा आवाज असा नव्हता. मी त्याच्या शेजारी झोपून मोठा झालोय."

"बरं."

"तंबोरा तुमच्या हातचा. तार कशी वाजायला पाहिजे ते तुम्ही सांगा. कुठला डबा बदलायचा ते माझं मी बघतो."

म्हणजे वस्तादांनी फक्त कान द्यायचा, अक्कल त्याच्याकडं होतीच.

वस्तादांनी टोपी काढली. हेडफोन घातला. पांढऱ्या दाढीवर ते काळं धूड असं बसलं की दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर असतं तर हसू आलं असतं.

सौमित्रनं बटण दाबलं.

वस्तादांनी डोळे मिटले…

उजव्या हाताची बोटं हलायला लागली. पंचम. जोड. जोड. खर्ज. पंचम. जोड. जोड. खर्ज. गुडघ्यावरच तारा छेडत होते.

मग तिसऱ्या तारेवर बोट थांबलं.

हात पुढं आला. अंगठा हवेत एकाच जागी घासला, दोनदा, तीनदा. समोर काहीच नव्हतं. पण अंगठ्याला काहीतरी लागत होतं.

त्यांनी हेडफोन काढला.

"तिसरी बद्द आहे."

"तेच म्हणतोय मी." सौमित्र पुढं सरकला. "कुठला डबा?"

"कुठलाच नाही."

"म्हणजे?"

"जवारी गेलीय."

तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडी हाडाची असते. तिचा माथा कारागीर कानशीनं घासून घासून असा उतरता करतो की तार त्याला शिवते न शिवते. त्यालाच जवारी म्हणतात, गुंजणं सगळं तिथून येतं. वर्षानुवर्षं वाजवून तारेखाली चरा पडला की संपलं. मग गुंज जुळवायला तारेखाली घातलेला दोरा कितीही सरकवा, तार बद्दच वाजणार. ती घोडी करणाऱ्यानंच परत घासावी लागते.

"सेट चांगलाय तुझा," वस्ताद म्हणाले. "जे होतं ते दाखवतोय."

सौमित्र डब्यांकडं बघत राहिला. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या सेटचं कौतुक केलं होतं, आणि त्याला ते नको होतं.

"पण ती नुसती बद्द नाहीये," तो म्हणाला. "बारीक पण आहे. जवारी गेली तर तार बारीक का होईल?"

"बाई हळू छेडतायत."

"काय?"

"तेवढी एक तार. बाकीच्या तिन्ही भरून. तिसरी आली की बोट नुसतं टेकवतात. खोट दिसू नये म्हणून. झाकून घेतायत तिला."

सौमित्रनं हेडफोन उचलला. कानाला लावला. परत ऐकलं…

खूप वेळ ऐकलं.

बाहेर कुणीतरी नवीन सतारीच्या खुंट्या पिळत होतं. तार चढत चढत गेली आणि थांबली.

"रेकॉर्ड कुणी केलं?" वस्तादांनी विचारलं.

"मीच. कराडला, घरी. माईक पुण्याहून घेऊन गेलो होतो."

"तेव्हा ऐकलं नाहीस?"

"काटे बघत होतो. आवाज लाल रेघेच्या वर जातोय का ते."

"गेला?"

"नाही."

"मग चांगलं झालं."

सौमित्रनं मान खाली घातली. मग जरा वेळानं, जसं काही सापडलं, तशी वर केली.

"वस्ताद, कॉम्प्युटरवर करता येतं. तेवढी तिसरी तार उचलायची. दुसऱ्या तारेची गुंज काढून तिला द्यायची. कुणाला कळणार नाही."

"उचल."

"उचलू?"

"उचल की लेका. मला काय विचारतोस? बाईंनी दाबलीय, तू उचल."

सौमित्रनं वायर गुंडाळायला घेतली. चांदीची वायर बोटाभोवती, एक वेढा, दुसरा वेढा… तिसरा काही त्याला घालता येईना.

"बाईंचा फोन आला होता मला," वस्ताद म्हणाले. "त्या श्रावणात."

"काय म्हणाली?"

"तिसरी बोलत नाही म्हणाल्या. म्हटलं घेऊन या, बसल्या बसल्या करून देतो. फक्त एसटीत एकट्या आणू नका, भोपळा फुटंल. तर म्हणाल्या, नाही नाही, सौमित्र येणाराय गणपतीनंतर."

…

"गणपतीनंतर कराडला आलास तेव्हा गाडी होती?" वस्तादांनी विचारलं.

"होती."

"कुठली?"

"हीच. मोठी. मागं माईकचे स्टँड होते."

"जाताना?"



"स्टँड तिकडंच ठेवले होते. परत रेकॉर्ड करू म्हणून." त्यानं वायर खाली ठेवली. "जाताना मोकळी होती."

वस्तादांनी लाखेची कांडी बाजूला ठेवली.

"तिनं सांगितलं होतं, वस्ताद. दोनदा. दारात पण म्हणाली, अरे ते मिरजेचं. मी म्हटलं पुढच्या महिन्यात. मला सोमवारी अँप यायचा होता… हा नाही. या सगळ्यांच्या आधीचा. तो विकला मी."

त्यानं चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधला, तर त्याच्यावर तोच बसलेला.

वस्तादांनी लाखेचा हात पुसायचं फडकं पुढं केलं. सौमित्रनं ते घेतलं. नाकाला लाल डाग पडला.

"तंबोरा कुठाय आता?"

"कराडलाच. घर बंद असतं. खोळीत घालून ठेवलाय, कोपऱ्यात."

"घेऊन ये."

"आता?"

"गाडी आणलीयस ना?"

"वस्ताद, आता आणून काय करू? मला वाजवता येत नाही. घरात कुणालाच येत नाही." त्याचा आवाज चढला आणि तसाच उतरला. "जवारी करून ठेवली तरी वाजवणार कोण?"

वस्तादांनी टोपी डोक्यावर ठेवली. भोपळा परत मांडीवर घेतला.

"वाजवायला नाही रे. त्यांनी सांगितलं होतं ना."