अर्जलेखकाचा इयरफोन

एक वृद्ध गृहस्थ तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत असत. मोबदला घेत नसत. नळजोडणी असो, दाखला असो, निवृत्तिवेतन असो. माणूस समोर बसून आपली अडचण सांगे आणि वृद्ध ती मोजक्या शब्दांत मांडत. वाचनालय चालवणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांना एक लॅपटॉप घेऊन दिला होता. बाजारातला सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त. त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली होती, कारण तिला पैसे पडत नाहीत. सकाळी बटण दाबले की चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत ते यंत्र जागे होई.

वृद्धांची एक सवय गावाला ठाऊक होती. अर्ज लिहून झाला की ते एका कानात इयरफोन घालत, डोळे मिटत आणि मान खाली घालून दोन मिनिटे स्तब्ध बसत. कागद छापत ते त्यानंतरच. लोक म्हणत, अण्णा अर्जावर मंत्र घालतात, म्हणून तो मंजूर होतो. काहींच्या मते म्हातारा जुनी गाणी ऐकत असे. वृद्धांनी कोणाचेच खंडन केले नाही.

त्यांची एक शिष्या होती. लहानपणी ती याच टेबलापाशी नेटके लिहायला शिकली आणि आता शहरातल्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होती. सुटीत ती आली आणि त्या यंत्राची सकाळ पाहून तिचा जीव कासावीस झाला.

"अण्णा, हे मशीन इतकं मंद नाहीये. तुम्ही त्याला मंद ठेवलंय."

"असेल," वृद्ध म्हणाले. "आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेतो."

"मला एक दुपार द्या फक्त."

त्या दुपारी व्यापारीही खुर्ची ओढून कौतुकाने बघत बसला. शिष्येने पडद्याची जड मांडणी काढून हलकी घातली. मागे उगाच चालणारे प्रोग्राम एकेक करून बंद केले. इवल्या पडद्यावर अख्खे पान मावावे म्हणून अक्षरे बारीक केली. यादीत एक प्रोग्राम तिला फारच खटकला. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा. तो सकाळपासून चालू असे आणि थोडीथोडकी मेमरी खात नसे.

"हे बोलणारं भूत कोणी बसवलं?" ती हसली. "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतं हे. तुम्हाला काय करायचंय? काढते हां."

व्यापारीही हसला. "काढ, काढ. आमचे अण्णा सगळ्या तालुक्याला वाचून दाखवतात. त्यांना कोण वाचून दाखवणार?"

वृद्धांनी इयरफोनची तार बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाले, "काढ."

संध्याकाळी यंत्र चाळीस सेकंदांत सुरू झाले. व्यापाऱ्याने दोनदा बंद करून पुन्हा सुरू करून पाहिले. वृद्ध म्हणाले, "फार कष्ट घेतलेस, बाळ."

पुढचे अकरा दिवस शिष्या रोज ओसरीवर येऊन बसे आणि रोज तिची चिडचिड होई. यंत्र धावत होते, पण अर्ज पूर्वीपेक्षा कमी होत होते. मोठे काम आले की वृद्ध म्हणत, "उद्या या." इयरफोनचा सोपस्कार मात्र चुकत नव्हता. ती व्यापाऱ्याला म्हणाली, "शेठजी, मशीनचा वेग वाढवला. अण्णांचा कसा वाढवू, ते आमच्या अभ्यासक्रमात नाही." वृद्धांना ऐकू गेले असावे.

बाराव्या दिवशी दुपारी पार्वताबाई आली. ती आठवडी बाजारात केरसुण्या विकत असे. तिच्या मुलीला, सोनलला, जिल्ह्याच्या गावी शाळेच्या वसतिगृहात जागा हवी होती आणि दोन दिवसांपूर्वी वृद्धांनीच तिला अर्ज लिहून दिला होता. तिने तो टेबलावर ठेवला.

"बाबा, काय लिवलंय यात? साहेब सगळ्या रांगेसमोर वाचून दाखवत व्हता. म्हनला, बाई, पोरीला ठेवायचंय का म्हशीचा पंचनामा करायचाय? समदी हसली. सोनी माझ्या पदराआड लपली."

शिष्येने कागद उचलला. तो दुसऱ्याच कोणाचा होता. वीज पडून मेलेल्या म्हशीची भरपाई मागणारा.

"मुदत कधीपर्यंत आहे?" तिने विचारले.

"उद्या पाचपातूर. सोनी म्हनती, न्हाई जात मी तिथं परत."

शिष्येचा संयम सुटला. ओसरीवर वर्तमानपत्र वाचणारे चारपाच जण होते, व्यापारी होता, तरी ती थांबली नाही. "अण्णा, वरच्याच ओळीत म्हैस लिहिलंय. छापण्याआधी एकदा नजर तरी टाकायची. एका मुलीचं वर्ष गेलं असतं. दोन मिनिटं गाणी ऐकायला वेळ मिळतो, वाचायला नाही?"

वृद्धांनी टेबलावरचा इयरफोन चाचपून उचलला आणि तिच्या पुढ्यात धरला.

"हा कानात घाल."

"आत्ता? अण्णा, हे काय..."

"घाल."

तिने घातला. वृद्धांनी सवयीने दोन कळा दाबल्या.

"काय ऐकू येतं?"

"काहीच नाही."

"मलाही अकरा दिवस काहीच ऐकू येत नाही," वृद्ध म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिले. ते तिच्याकडे पाहत होते, पण थोडे बाजूला, जिथे ती क्षणापूर्वी उभी होती तिथे. तिने इयरफोन कानातून काढला. अकरा दिवसांतले आपले एकेक वाक्य तिला आठवू लागले आणि त्यातले एकही परत घेता येण्यासारखे नव्हते.

वृद्ध हळू आवाजात म्हणाले, "चार वर्षं झाली. अक्षरं आधी धूसर झाली, मग गेली. कळा बोटांना पाठ आहेत, म्हणून लिहिता येत होतं. लिहिलेलं हे यंत्र कानात वाचून दाखवी. चूक झाली की समजे. त्या दुपारी तू विचारलंस, पण उत्तर तुझं तूच ठरवून विचारलंस. शेठजी हसत होते. मला दिसत नाही, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. अख्ख्या तालुक्याची गाऱ्हाणी मी मांडतो, आणि स्वतःचं तीन शब्दांचं गाऱ्हाणं मांडायची मला लाज वाटली. तू अजाणता केलंस. मी जाणूनबुजून अकरा दिवस लोकांच्या कागदांशी जुगार खेळलो. तुझ्या लाजेपेक्षा माझी लाज मोठी आहे, बाळ. आणि आपल्या दोघांची भोगली या माउलीच्या पोरीने."

शिष्येला पाया पडावेसे वाटले, पण त्याने पार्वताबाईचा अर्ज होणार नव्हता. तिने मोबाइलचे इंटरनेट जोडले आणि काढून टाकलेला प्रोग्राम परत घातला. मेमरीचा तिने मिळवलेला हिस्सा तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा भरला. मग ती म्हणाली, "अण्णा, आणखी काय काय मोडलंय मी?"

वृद्धांनी यंत्राचा आवाज ऐकत, तपासत सांगितले. कळ जरा जास्त वेळ दाबली गेली तर अक्षर दोनदा उमटते, पूर्वी उमटत नसे. फायली तारखेने लागत, आता कशाने लागतात कोण जाणे, म्हणूनच सोनलच्या जागी म्हशीची छापली गेली. ती कागदावर लिहून घेत गेली आणि एकेक पूर्ववत करत गेली. पाऊण तास लागला. अकरा दिवसांपूर्वी हेच विचारायला एक मिनिट लागले असते.

पार्वताबाई समोर बसली. वृद्धांनी तिचे म्हणणे पुन्हा ऐकले, पुन्हा लिहिले. शेवटी इयरफोनचे एक टोक स्वतःच्या कानात घातले आणि दुसरे शिष्येला दिले. दोघांनी माना खाली घातल्या. यंत्राच्या कोरड्या, अडखळत्या आवाजात सोनलचे नाव, तिची इयत्ता, तिची विनंती एकेका शब्दाने ऐकू आली. म्हैस कुठेही नव्हती.

कागद छापून झाल्यावर शिष्या पार्वताबाईला म्हणाली, "उद्या मी येते तुमच्याबरोबर. तिथे काय चुकलं ते मी सांगेन. सोनलला बाहेर उभं राहू दे."

दुसऱ्या दिवशी चार वाजता अर्जावर शिक्का पडला. साहेबांनी म्हशीची आठवण काढलीच. शिष्या रांगेसमोर म्हणाली, "चूक यांची नव्हती, साहेब, माझी होती," आणि मान वर करायला तिला बराच वेळ लागला.

ती परत आली तेव्हा वृद्ध काम करत होते. तिला पाहून, म्हणजे तिची चप्पल ऐकून, ते म्हणाले, "बरं झालं आलीस. हा पडदा बंद करता येतो का? मला तो लागत नाही. बॅटरी तेवढी जास्त चालेल."

तिने पडदा बंद केला. एवढी बचत तिलाही त्या दुपारी सुचली नव्हती.

थोड्या वेळाने व्यापारी ओसरीवर आला आणि थबकला. "अण्णा, पडदा काळा कसा? मशीन बिघडलं?"

"नाही शेठजी," वृद्ध बोटे न थांबवता म्हणाले. "मशीन उत्तम आहे. मला दिसत नाही."

व्यापाऱ्याने रांगेच्या वाटेतली आपली खुर्ची बाजूला ओढून घेतली. मग रांगेतला पुढचा माणूस खुर्चीवर बसला आणि आपली अडचण सांगू लागला.

ज्याचे यंत्र सुधारायचे आहे, त्याच्या शेजारी आधी एक दिवस गप्प बसावे.