सोहोनी सरांच्या स्वयंपाकघरातला वास

चूक सोहोनी सरांची होती. वायरची नाही. सुनेची तर नाहीच नाही.

"मग सुकट दडवलीय कुठे तिनं?" सरांनी विचारलं. "आठ दिवस झाले तिला जाऊन, तरी वास आहेच."

दिवे मिणमिणतात म्हणून बोलावलेल्या दस्तगीर मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली. चिपळूणच्या शाळेत सरांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. दस्तगीरला नववीत दोनदा नापास केलं. तिसऱ्यांदा तो बसलाच नाही, वायरमन झाला.

सून हेमांगी हरणैच्या कोळ्यांची. लग्नात सर व्याह्यांकडे स्वतःची पाण्याची बाटली घेऊन गेले होते आणि त्यातलंच प्यायले. आता स्वयंपाकघरात माशाचा वास येऊ लागला, तर त्यांनी तिची भांडी हुंगली, डबे हुंगले, नातीचं दप्तरसुद्धा हुंगलं. मुलगा नेहमीसारखा गप्प. हेमांगी लेकीला घेऊन माहेरी गेली.

"वास येतो कधी, सर?"

"सकाळी. मी अंघोळीला निघालो की."

"म्हणजे गीझर लावल्यावर?"

"...हो."

मिस्त्रींनी गीझर लावला आणि स्टूल ओढून बसले. चहा कुणी विचारला नव्हता.

पाच मिनिटं. दहा...

"आला! हाच तो!" सर जवळजवळ खूश झाले.

मिस्त्रींनी सरांचा हात धरला, उलटा केला आणि भिंतीवरच्या बोर्डाला टेकवला. सरांनी तो झटक्यात मागे घेतला.

"ताप आहे," मिस्त्री म्हणाले.

मेन स्विच पाडून, टेस्टर लावून पाहून त्यांनी बोर्ड उघडला. मागचं लाकूड कोळसा झालं होतं. घराची जुनी ॲल्युमिनियमची वायर, तिला गीझरची तांब्याची वायर पिळून जोडलेली. वरची टेप वितळून चिकटलेली.

"हा सांधा कुणाचा?"

"माझा. गेल्या दिवाळीत. पक्कडीनं पिळलाय चांगला! चव्वेचाळीस वर्षांत या घरात ठिणगी उडाली नाही, दस्तगीर."

"ॲल्युमिनियम तापलं की काय होतं, सर?"

"प्रसरण पावतं."

"निवलं की?"

"आकुंचन."

"तांब्याइतकंच?"

"जास्त..." सर म्हणाले. दस्तगीर दोन्ही वेळा अडकला होता तो हाच धडा.

"रोज फुगायचं, रोज आकसायचं. सांधा सैल पडतो. सैल पडला की आणखी तापतो. मग टेप आणि स्विच जळायला लागतात... आणि माशासारखा वास मारतात."

"म्हणजे तिनं काही..."

"काही नाही."

मिस्त्रींनी काळ्या लाकडावर बोट ठेवलं. "भिंतीपलीकडे काय आहे?"

"नातीचा पलंग."

...

सर खाली फरशीवरच बसले. "पेटलं असतं?"

"पेटलं नाही, सर."

म्हातारा तोंडावर पंचा धरून रडला. मग हसला. मग उठला आणि स्वतः चहा टाकला, शेगडीवर, पहिल्यांदाच.

मिस्त्रींनी गीझरची वायर तोडून वेगळी केली, बाकीचे सांधे एकेक उघडून पाहिले. "सगळं घर तांब्याच्या वायरीत घ्यायचं. तोवर दिवे, पंखे. गीझर नाही, इस्त्री नाही. आणि पक्कड मला द्या."

सरांनी पक्कड दिली.

"तिला फोन करतो," ते म्हणाले. "नीट समजावून सांगतो, यामागची शास्त्रीय कारणं..."

मिस्त्रींनी जळका स्विच त्यांच्या तळहातावर ठेवला.

"फोन नको. हरणैला जा. हे दाखवा."

"सकाळच्या एसटीनं जातो. दाखवतो आणि लगेच निघतो."

"जेवायच्या वेळेला जा, सर."

सर जेवायच्या वेळेलाच गेले. मायलेकी परत आल्या. सरांची पाण्याची बाटली तेवढी हरणैला राहिली.